आश्चर्य आधी की अभ्यास आधी?

पीएच.डी.ची मुलाखत असो किंवा संशोधन आराखड्याचं पहिलं पान, एक वाक्य हमखास भेटतं: मला लहानपणापासून निसर्गाविषयी कुतूहल आहे. जोडीला ग्रीकांची साक्ष काढली जाते. प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल दोघांनीही सांगितलंय ना, की तत्त्वज्ञानाची सुरुवात आश्चर्यातून होते! सांगितलंय, हे खरंच. पण कुठल्या संदर्भात सांगितलंय हे आपण सहसा बघत नाही. ते बघितलं, तर आपण लावतो तो अर्थ टिकत नाही असं माझं मत आहे. पेट पास होऊन, गाईड मिळवून, वर्षभर पेपर वाचल्यावर ज्यांना 'आपल्यात कुतूहलच नाही बहुतेक' असं वाटू लागतं, त्यांनी तर हा संदर्भ जरूर बघावा.

आधी प्लेटो. 'थिएटिटस' या संवादात सॉक्रेटिस एका तरुण गणितीशी बोलतोय. विषय आहे, ज्ञान म्हणजे काय. सॉक्रेटिस फाशांचं उदाहरण देतो. सहा फासे चार फाशांशेजारी ठेवले तर दीडपट, म्हणजे जास्त. तेच सहा बारांशेजारी ठेवले तर निम्मे, म्हणजे कमी. आता त्या सहांत काही वाढलं नाही, काही घटलं नाही. आणि भर पडल्याशिवाय कुठलीच गोष्ट जास्त होत नाही, हेही आपण मानतो. मग हे झालं कसं? अशा कोड्यांचा विचार केला की मला गरगरतं, असं थिएटिटस कबूल करतो. त्यावर सॉक्रेटिस म्हणतो, हीच तर तत्त्वज्ञाची खूण.

बघा, इथे इंद्रधनुष्य नाही, तारे नाहीत. आश्चर्य वाटतंय ते स्वतःच्याच दोन समजुती एकमेकींवर आदळल्यामुळे. आणि ते ज्याला वाटतंय तो मुलगा कोरी पाटी नाही. त्याच संवादात थोडं आधी त्याने वर्गमुळांच्या वर्गीकरणावरचं आपलं काम सांगितलेलं आहे.

अ‍ॅरिस्टॉटल 'मेटाफिजिक्स'च्या पहिल्या भागात म्हणतो, की माणसाला आधी जवळच्या अडचणींचं नवल वाटलं, मग चंद्र, सूर्य, ताऱ्यांचं. उद्धृत होतं ते एवढंच. पुढचं उदाहरण सुटतं. चौरसाची बाजू आणि कर्ण दोन्ही पुरेपूर मोजेल असं एकही माप नाही, कितीही बारीक घ्या. भूमिती न शिकलेल्याला हे अजब वाटतं. शिकलेल्याला मात्र असं माप सापडलं तर अजब वाटेल! म्हणजे शिकल्यावर आश्चर्य संपत नाही, त्याची दिशा उलटते.

पण इथे माझा एक आक्षेप आहे. ते पहिलं आश्चर्य तरी कुणाला वाटतं? चौथीतल्या मुलाला सांगा, की बाजू नि कर्णाला सामाईक माप नाही. तो पट्टी काढेल, दहा सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण चौदा पूर्णांक एक दशांश भरला म्हणून सांगेल आणि खेळायला जाईल. नवल वाटायला आधी अपेक्षा हवी: कुठलंतरी बारीक माप दोन्हीला लागू पडणारच. ही अपेक्षा थोडी भूमिती केल्याशिवाय येत नाही. ही पायरी अ‍ॅरिस्टॉटलने गाळली, आणि आपणही गाळतो.

आपल्या परंपरेने हा फरक शब्दांतच ठेवलाय. विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव. त्याची जागा नाट्यशास्त्रात. न्यायसूत्रांच्या पहिल्या सूत्रात सोळा पदार्थांची यादी आहे, त्यात विस्मय नाही. तिसऱ्या क्रमांकावर संशय आहे. भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट करतो, की जे मुळीच माहीत नाही त्यावर न्याय चालत नाही आणि जे ठरून गेलंय त्यावरही नाही. ज्याबद्दल संशय आहे त्यावरच चालतो. रिसर्च गॅप शोधणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आता २८ फेब्रुवारीची नेहमीची गोष्ट. १९२१ साली बोटीच्या प्रवासात भूमध्य समुद्राची निळाई बघून सी. व्ही. रामन थक्क झाले आणि शोध लागला! त्या बोटीवर निळाई बघणारे कितीतरी लोक असतील. पण समुद्राचा गडद निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, हे रॅलेचं मत रामन यांना माहीत होतं आणि जवळ निकोल प्रिझम होतं. पाण्यावरून ठराविक कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो. प्रिझम फिरवून तो अडवता येतो. रॅलेचं बरोबर असतं तर निळाई जायला हवी होती. ती उलट गडद झाली. (पाणी तांबडा प्रकाश शोषतं, हे त्या निळाईचं मोठं कारण आज मानलं जातं. म्हणजे रामन यांचं उत्तरही पूर्ण नव्हतं.)

पुढे १९२३ मध्ये त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात वेगळ्या रंगाचा क्षीण अंश दिसला. अशुद्धीमुळे असेल, असं वाटलं. पाणी पुन्हापुन्हा शुद्ध केलं, तरी तो जाईना. हे नवल के. एस. कृष्णन यांच्यासोबत १९२८ मध्ये तडीस गेलं. शुद्ध केल्यावर तो अंश जायला हवा, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो न जाण्याचं काय नवल?

अ‍ॅरिस्टॉटलची आणखी एक गोष्ट मात्र खरी आहे. गरजा भागल्यावर, फुरसत मिळाल्यावर अशी विद्या सुरू झाली, असं तो म्हणतो. त्याच्या समाजातली फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती, हा भाग वेगळा. पण फेलोशिप रखडलेली, सकाळी तासिका तत्त्वावर शिकवणं आणि संध्याकाळी क्लास, अशा दिवसात आश्चर्य वाटत नसेल तर तो तुमच्या स्वभावाचा दोष समजू नका.

करता येण्यासारखं काम साधं आहे. पेपरचा सारांश वाचलात की निष्कर्षाकडे उडी मारू नका. आधी वहीत लिहा: माझ्या मते आलेख असा येईल, कारण हे. प्रयोगाआधीही तेच. सुरुवातीला अंदाज भलतेच चुकतील, त्यात विशेष काही सापडणार नाही. काही महिन्यांनी बरेचसे बरोबर यायला लागतील, आणि मग एखादा चुकला की तुम्ही खुर्चीत सावरून बसाल. मुलाखतीत कुतूहलाबद्दल विचारलंच, तर बालपण राहू द्या. ते वहीचं पान सांगा: काय येईल वाटलं होतं, काय आलं, आणि अजून काय जुळत नाहीये.