बॅटरी का उतरते? : पुस्तकाने न विचारलेला प्रश्न

विद्युतधारेचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर एक परिपथ काढतो. एक घट, एक कळ, एक रोध. विभवांतर १२ व्होल्ट, रोध ६ ओहम, तर धारा किती? मुले २ अँपिअर म्हणतात आणि गुण मिळवतात. या उदाहरणात चूक काहीच नाही. तरीही अशा उदाहरणांनी भरलेल्या प्रकरणाविषयी माझी तक्रार आहे, आणि तिला माझी मोटार कारणीभूत आहे.

रोज चालवली तर गाडी कुरकुरत नसे. तीन-चार दिवस उभी राहिली, की सेल्फ मारल्यावर नुसता 'टक्' असा आवाज. गॅरेजमध्ये निदान झाले, 'बॅटरी गेली'. नवी बसवली. चौदा महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार, तेच निदान आणि पुन्हा नवी बॅटरी. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या मी दोन्ही वेळा मुकाट्याने पैसे दिले. ओहमचा नियम मला पाठ होता. पण तो कुठे लावायचा, हे कोणत्याही परीक्षेने विचारले नव्हते.

तिसऱ्या वेळी मात्र मल्टिमीटर काढला. बॅटरी वारंवार उतरण्याची मुख्य कारणे तीनच: ती पुरेशी भरत नाही, भरलेले टिकवत नाही, किंवा कोणीतरी गुपचूप खर्च करते. तिन्ही ओळखण्याच्या कसोट्या वेगळ्या आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले, तर ऑल्टरनेटर आपले काम करतो आहे. पूर्ण भरून काही तास विसावलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असावी, आणि सेल्फ मारताना ती साडेनऊच्या फार खाली जाऊ नये. माझी गाडी या दोन्ही कसोट्यांना उतरली. उरला तिसरा संशयित.

त्यासाठी चावी काढली, दारे बंद केली, बॅटरीची ऋण तार सोडवली आणि मधे १० अँपिअर मर्यादेवर ठेवलेला मीटर एकसरीत जोडला. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये. ती धारा शंभर अँपिअरच्या पुढे जाते. तसेच धारा मोजण्यासाठी लावलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट जोडू नये.) गाडीतील यंत्रणा झोपी जाव्यात म्हणून अर्धा तास थांबलो. मीटर म्हणाला, ०.२८ अँपिअर.

पाठ्यपुस्तकातील कळ उघडली की धारा शून्य होते. मोटारीत तसे नसते. घड्याळ, रेडिओची स्मृती, इंजिनाचा संगणक यांना वीस ते पन्नास मिलिअँपिअर लागतातच. पण ०.२८ म्हणजे दिवसाला जवळजवळ ६.७ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. अडीच-तीन दिवसांत ती निम्मी रिकामी! गणित पाचवीचे आहे, पण ते करण्याआधी प्रश्न सुचावा लागतो.

मग एकेक फ्यूज काढून पाहिला. आकडा हलेना. वाटले, शोध फसला. पण हाच सर्वांत उपयोगी पुरावा होता: गळती फ्यूजच्या पेटीमागे नव्हतीच. मग पेटीला वळसा घालून बॅटरीवर थेट कोण येते? ऑल्टरनेटरची जाड तार, आणि संगीताचा अॅम्प्लिफायर बसवणाऱ्याने सोयीसाठी धन टोकाला जोडलेली एक तार. ती सोडवताच मीटर ०.०३ वर आला. पुढे ती स्वतंत्र फ्यूज घालून चावीबरोबर बंद होणाऱ्या जोडणीवर घेतली. खर्च नव्या बॅटरीच्या तुलनेत नगण्य.

आता आधीच्या दोन बॅटऱ्यांचे काय? त्या खरोखरच निकामी झाल्या होत्या. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिसे सल्फेट तयार होते. ते वेळीच परत फिरवले नाही, तर स्फटिक मोठे होतात आणि मग भरताना विरघळत नाहीत. म्हणजे 'बॅटरी गेली' हे निदान खोटे नव्हते, अपुरे होते. गॅरेजने परिणामालाच कारण मानले. रसायनशास्त्राच्या पुस्तकात शिसे सल्फेटचे समीकरण असते आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात धारा असते, पण दोघांची गाठ पडत नाही. भौतिकशास्त्रातला घट म्हणजे दोन रेघा, कधीही न थकणाऱ्या.

'पाठ्यपुस्तक म्हणजे गॅरेजची पुस्तिका नव्हे,' असे कोणी म्हणेल. मान्य. पण शक्यता मांडणे, त्यांना वेगळे करणारे मोजमाप निवडणे, नकारार्थी निकालातूनही निष्कर्ष काढणे, हे गॅरेजचे कसब नसून विज्ञानाची पद्धत आहे. तयार आकडे हाती देणारे उदाहरण नेमका हाच भाग मुलांकडून काढून घेते. त्याची किंमत पैशांतच मोजावी असेही नाही. अकाली टाकलेल्या प्रत्येक बॅटरीत काही किलो शिसे असते. ते उघड्या भट्टीत वितळवले गेले, तर त्याचे विष आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. २००१ आणि २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मात्र बॅटरी विनाकारण टाकूच नये, हे काम नियमांचे नाही, निदानाचे आहे.

वर्गासाठी मोटार लागत नाही. खोक्याच्या झाकणावर चार शाखांचा परिपथ करा, प्रत्येकीला कळ लावा. झाकणाखाली एक १००० ओहमचा रोध चारही कळांना वगळून थेट ९ व्होल्टच्या घटाला जोडा. सर्व कळा बंद असूनही ९ मिलिअँपिअर धारा दिसेल. काही शे रुपयांचा मल्टिमीटर मुलांच्या हाती द्या आणि विचारा, 'घट का उतरतो?' उत्तर सांगू नका. कोणते मोजमाप केले आणि त्याने कोणती शक्यता बाद झाली, एवढे वहीत लिहायला सांगा. गुण त्यालाच द्या.