सुपरमॅनचा सस्पेन्स अकाउंट

माणसानं चौतीस वर्षं हिशेबखात्यात काढली की त्याच्या डोळ्यांना एक खोड लागते. समोर काहीही येवो, तो आधी आरंभीची शिल्लक बघतो, मग जमा, मग नावे, आणि शेवटी ताळा जुळतो का ते बघतो. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी माझ्या मनात जिलब्यांची आवक-जावक मांडली जाते. माणूस सेवानिवृत्त होतो, खोड होत नाही. अशा माणसापुढे सुपरमॅन आला तर काय होणार? ऑडिट होणार, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, अहो, कार्टूनचं कसलं ऑडिट? जिथं माणूस लाल चड्डी पँटवरून घालून आकाशात उडतो, तिथं हिशेब मागणं म्हणजे भुताला रेशनकार्ड विचारण्यासारखं आहे. मान्य. माणूस उडतो याला माझी मुळीच हरकत नाही. खुशाल उडावं. माझं म्हणणं एवढंच, की सोमवारी डोंगर उचलणारा माणूस मंगळवारी विजेचा झटका लागून आडवा होऊ नये. झालाच, तर त्याचं व्हाउचर जोडलेलं हवं.

आमच्या घरी हे दप्तर उघडलं ते नातवामुळे. त्यानं कुठूनशी 'जस्टिस लीग' नावाची अमेरिकन मालिका हुडकून काढली. २००१ च्या नोव्हेंबरात ती तिकडे सुरू झाली, पुढे नावाला थोडं शेपूट लावून २००६ पर्यंत चालली. एकूण भाग ९१. मी सगळे पाहिले. आमची ही म्हणाली, "ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय काही इतक्या नेटानं झाले नाहीत!" मी काही बोललो नाही. ऑडिट चालू असताना ऑडिटरनं बोलायचं नसतं.

या मालिकेत सुरुवातीला सात जण आहेत. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन, विजेच्या वेगानं पळणारा फ्लॅश, हिरव्या अंगठीतून प्रकाश काढणारा ग्रीन लँटर्न, पंख असलेली हॉकगर्ल आणि मार्शियन मॅनहंटर, म्हणजे मंगळावरून आलेले एक हिरवे गृहस्थ. त्यांतल्या एकेकाची मालमत्ता तपासू लागलं तर डोळे दिपतात. मंगळवाले गृहस्थ उडतात, भिंतीतून आरपार जातात, हवं ते रूप घेतात, दुसऱ्याच्या मनातलं वाचतात आणि वर ताकदीनं जवळपास सुपरमॅनच्या पंगतीला बसतात. एवढी जिंदगी असलेला मनुष्य प्रत्यक्षात काय करतो? मारामारी सुरू झाली की पुष्कळदा पहिला तोच पडतो. भिंतीतून आरपार जाणाऱ्याला ठोसा लागतोच कसा, याचा खुलासा दप्तरात नाही.

ग्रीन लँटर्नच्या अंगठीतून मनात येईल ती वस्तू निघू शकते. एवढी सोय हाताशी असून हा सद्गृहस्थ बहुतेक वेळा त्यातून एक गोळा काढतो नाहीतर एक झोत काढतो. म्हणजे घरात सगळी भांडीकुंडी असताना रोज पिठलंच करावं तसं. फ्लॅशचं तर विचारूच नका. डोळ्याचं पातं लवायच्या आत जो गावाला वळसा घालून येतो, तो एखाद्या चोरानं फेकलेल्या वस्तूला अडखळून सपशेल पालथा होतो. आणि बॅटमॅन! याच्याकडे दैवी शक्ती छदामाची नाही. पण शेवटच्या भागात डार्कसाइड नावाचा महादैत्य डोळ्यांतून जे किरण सोडतो, ते हा निव्वळ उड्या मारून चुकवतो. जमेच्या बाजूला शून्य आणि खर्च मात्र लाखांत! आमच्या कचेरीत असा एक कारकून होता, पण त्याची पुढे चौकशी झाली.

सगळ्यात घोळाचं खातं सुपरमॅनचंच. त्याची मूळ नोंद पाहायची तर १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकापर्यंत मागं जावं लागतं. तिथं त्याला उडता येतच नाही. तो उडी मारतो. फर्लांगभर लांब, वीस मजल्यांची इमारत ओलांडणारी, पण उडीच. आगगाडीहून जोरात पळतो आणि तोफगोळ्याहून कमी कशानं त्याच्या कातडीला इजा होत नाही. पगार चांगला, पण आवाक्यातला. पुढे १९४१ साली फ्लायशर बंधूंनी त्याची कार्टूनं काढायला घेतली. कागदावरची उडी डौलदार दिसते. पडद्यावर हलत्या चित्रात तोच वीर बेडकासारखा टुणटुणतो. म्हणून त्याला तिथं उडायला लावलं, असं सांगतात. म्हणजे बघा, बढती मिळाली ती पराक्रमाबद्दल नव्हे, दिसायला बरं म्हणून. पुढे बढत्यांचा असा सपाटा लागला की याला हरवायचं कशानं हाच प्रश्न पडला. त्यावर क्रिप्टोनाइट नावाचा खडा तोडगा म्हणून कामाला आला. तो आधी आला १९४३ साली रेडिओवर आणि छापील गोष्टीत शिरला १९४९ मध्ये. हा खडा मला फार आवडतो. जवळ आणला की शक्ती गेली, लांब नेला की परत आली. याला म्हणतात व्हाउचर.

पण 'जस्टिस लीग'च्या पहिल्या वर्षात खडाबिडा काही नसताना सुपरमॅन पडतो. झटका बसला, पडला. कुणी भिंतीवर भिरकावला, पडला. असं का व्हावं याचा मी पुष्कळ विचार केला, आणि उत्तर मला कचेरीतच सापडलं. नवा साहेब रुजू झाला की पहिल्या दिवशी कोणाला झापतो? शिपायाला नव्हे. हेडक्लार्कला. म्हणजे बाकीचे आपोआप समजतात की साहेब कडक आहे. तसंच इथं. नवा दुष्ट आला की त्यानं आधी सुपरमॅनला लोळवायचं, म्हणजे प्रेक्षकानं समजावं की दुष्ट जबर आहे. शिवाय सात जणांना काम पुरवायचं असतं. सुपरमॅननं पूर्ण ताकद लावली तर दोन मिनिटांत गोष्ट संपेल आणि उरलेल्या वीस मिनिटांत सहा जण काय पत्ते खेळणार? तेव्हा थोरल्याला काही वेळ झोपवून ठेवावं लागतं. ही अडचण खरी आहे. पण अडचण लेखकाची, आणि बेशुद्ध पडायचं सुपरमॅननं, हा कुठला न्याय?

एक गोष्ट मात्र मालिकेच्या कर्त्यांच्या जमेला धरली पाहिजे. त्यांतले एक प्रमुख, ब्रूस टिम, यांनी मुलाखतींत कबूल केलं, की पहिल्या वर्षी आमचा सुपरमॅन फार मवाळ झाला. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी त्याची ताकद वाढवली. ऑडिटचा आक्षेप मान्य करून दुरुस्ती करणारं खातं माझ्या सबंध नोकरीत माझ्या पाहण्यात आलं नाही.

जपान्यांनी याच रोगावर दुसरा इलाज करून पाहिला. 'ड्रॅगन बॉल झेड' ही मालिका तिकडे १९८९ ते १९९६ चालली. तिच्यात एक चश्म्यासारखं यंत्र आहे. डोळ्याला लावलं की समोरच्याची ताकद आकड्यात दिसते. माझं मन भरून आलं. अखेर कोणीतरी कीर्द लिहिली! बंदूक घेऊन उभा असलेला शेतकरी, ताकद ५. फ्रीझा नावाचा दुष्ट सम्राट, ताकद ५,३०,०००. पण आकडे लिहिले की महागाई येतेच. दर नव्या शत्रूला मागच्याहून मोठा आकडा द्यावा लागतो. शेवटी ते आकडे इतके फुगले, की कर्त्यांनी बोलायचंच जवळजवळ बंद केलं. त्यांतला एक प्रसिद्ध आकडा मूळ जपानीत आठ हजारांच्या वर आहे, तो इंग्रजीत नऊ हजारांच्या वर झाला. नुसत्या भाषांतरात एक हजाराची वाढ! एवढी पगारवाढ आम्हांला संप करूनही मिळाली नव्हती. आणि त्याच मालिकेत एक ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणून सांगतात, तो फुटायला नऊ-दहा भाग लागतात. ती पाच मिनिटं सरकारी असावीत.

आता कोणी म्हणेल, गोष्टीत असं चालायचंच. चालायचं? मग आमच्या व्यास-वाल्मीकींनी एवढी दगदग कशाला केली? हनुमंताच्या अंगी समुद्र ओलांडायचं बळ आहे, तरी तो किनाऱ्यावर गप्प बसून असतो. का? लहानपणी ऋषींनी शाप दिला होता, कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझी शक्ती आठवणार नाही. मग जांबवंत आठवण करून देतो. नोंद चोख. कर्णाला ऐन वेळी अस्त्र आठवत नाही, कारण परशुरामाचा शाप. रथाचं चाक रुततं, त्याला दुसरा शाप. दोन खर्च, दोन व्हाउचरं. दहा हजार हत्तींचं बळ असलेल्या भीमाला वाटेत पडलेल्या म्हाताऱ्या वानराचं शेपूट हलवता येत नाही. पण ते कोणाचं शेपूट आहे हे लगेच उघड होतं, आणि भीमाचा गर्व नावे पडतो. सगळ्यांत जिवाला लागते ती अर्जुनाची नोंद. कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन तो निघतो, वाटेत आभीर लुटारू गाठतात, आणि ज्या गांडीवानं कुरुक्षेत्र जिंकलं त्याला प्रत्यंचा चढवताना अर्जुनाची दमछाक होते. अस्त्रं आठवत नाहीत. भाते रिकामे होतात. हीसुद्धा शक्ती कमी झाल्याचीच गोष्ट आहे. पण व्यास सांगतात, काम संपलं, काळ संपला. ती तूट वाचताना कोणाला हसू येत नाही. हिशेब लागलेला असतो म्हणूनच तर रडू येतं.

आमच्याकडच्या नव्या कार्टूनवाल्यांना हे रक्तातूनच ठाऊक असावं. २००८ पासून पोरांना वेड लावणारा आपला छोटा भीम घ्या. टुनटुन मौसीचा लाडू खाल्ला की शक्ती जमा. पावती गोड आणि जागच्या जागी.

हा सगळा काथ्याकूट एका नऊ वर्षांच्या मुलासमोर कशासाठी, असं आमच्या हिला वाटत होतं. पण खरा ऑडिटर मी नव्हेच, तो होता. सुपरमॅन पडला की तो चित्र थांबवायचा. "आजोबा, मागच्या वेळी तर यानं अख्खं जहाज धरलं होतं. आत्ता का पडला?" मी म्हणायचो, "कुणास ठाऊक." मग तो कारणं शोधायचा. काल झोप झाली नसेल. पोटात दुखत असेल. कोणी सांगितलेलं वाईट वाटलं असेल. आपल्या माणसाच्या खात्यात तूट निघाली, की ती आपल्या खिशातून भरतात ना, तसा तो त्या सुपरमॅनची तूट स्वतःच्या पदरची कारणं घालून भरत होता. आमच्या खात्यात जी रक्कम कुठंच बसत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकत. या मालिकांचं सगळं सस्पेन्स अकाउंट लहान मुलं सांभाळतात, तेही बिनपगारी. हे लिहिणाऱ्यांना माहीत असायला हवं. एक दिवस तो म्हणाला, "म्हणजे हा मुद्दाम हरतो. मग जिंकतो तेही मुद्दामच." आणि त्यानं ती मालिका चार दिवस लावली नाही. याहून कडक समीक्षा मी वाचलेली नाही.

आम्ही पुन्हा बसलो आणि दोन नोंदी सापडल्या. फ्लॅश एका भागात पृथ्वीभोवती इतक्या वेगानं फेऱ्या मारतो, की जो सगळ्यांना आवरला नाही त्याला तो एकटा मोडून काढतो. मग एरवी असा का पळत नाही? तर तो स्वतःच सांगतो, की पुन्हा एवढा पळालो तर परत येता येणार नाही. आणि २००६ च्या शेवटच्या भागात, डार्कसाइडसमोर, सुपरमॅन आपली वही उघडतो. त्याचं म्हणणं असं, की हे सगळं जग मला पुठ्ठ्याचं आहे. कोणाला धक्का लागेल, कोणी मरेल, म्हणून मी जन्मभर हात आखडून वागतो. समोर तोलामोलाचा आला म्हणून आज पहिल्यांदा हात मोकळा सोडतो. आणि सोडतो.

ऑडिटर म्हणून सांगतो, ही एकतीस मार्चच्या रात्री घातलेली नोंद आहे. पाच वर्षांची तूट एका ओळीत भरून काढता येत नाही. विजेच्या झटक्यानं बेशुद्ध पडणं हे काही हात आखडणं नव्हे. तो आक्षेप मी कायम ठेवतो. पण ज्याच्या अंगात खरंच ताकद आहे, त्याचा बहुतेक खर्च ती न वापरण्यातच होतो, हे कोणीतरी लिहिलं याचं मला बरं वाटलं.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, आजीचंही असंच असतं का? पाण्याची कळशी उचलवत नाही म्हणते आणि तुम्ही नको म्हणत असताना कपाट एकटीनं सरकवते."

स्वयंपाकघरातला आवाज एकदम थांबला. मी त्याला सांगितलं, "बाळा, त्या खात्याचं ऑडिट होत नसतं."