उलटा लहरीपुरा

बडोद्याच्या नव्या छापाचित्रांविषयी लिहिताना हल्ली 'मनःशांती' आणि 'आपल्या गावाची ओढ' हे शब्द हटकून वापरले जातात. चित्रंही त्यांना साजेशी: लहरीपुरा दरवाजाची कमान, तिच्यातून दिसणारी मांडवीची इमारत, माणूस एकही नाही, आकाश मात्र मुबलक. जुन्या कोटाचा हा पश्चिम दरवाजा म्हणजे भर बाजार. कागदावर तो कायम ओस. गर्दी पुसली की शांतता उरते, असा हा सोपा हिशेब. गर्दीबरोबर लहरीपुराही पुसला जातो, त्याचं काय?

छापाचित्रात शांतता असते. पण ती विषयात नव्हे, कामाच्या रीतीत. एचिंग करायचं तर जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने तो खरवडायचा, पत्रा आम्लात सोडायचा आणि थांबायचं. घाई केली तर रेघ उथळ राहते, रेंगाळलं तर आम्ल तिच्या कडा खातं. एवढं करून ओल्या कागदावर उमटतं ते उलटंच. दरवाजासमोर बसून थेट पत्र्यावर काढलेला लहरीपुरा छापला की उजवीकडची दुकानं डावीकडे जातात, पाट्या वाचता येत नाहीत. तो सुलटा हवा तर मुळात उलटा काढायला हवा. म्हणजे कुठली खिडकी कुठल्या कोपऱ्याला टेकली आहे हे नुसतं पाहून भागत नाही, हाताला पाठ असावं लागतं. जागेशी ओळख होते ती इथे. मोबाइलवर फोटो उलटवून गिरवणाऱ्याची ती होतच नाही. आरसा तर छापाचित्रकार पूर्वीपासून वापरतात, असं कोणी म्हणेल. वापरतात, पण आरसा फक्त दाखवतो, रेघ हातालाच शोधावी लागते.

पुरावा हवा तर बडोद्याच्याच ज्योती भट्टांची एचिंग पाहावीत. नेपल्स आणि न्यू यॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेला हा चित्रकार 1967 पासून खेड्यापाड्यांतल्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं कॅमेऱ्यात टिपत राहिला. नोंदीचं काम कॅमेऱ्याकडे गेल्यामुळे त्यांचा पत्रा त्या ओझ्यातून सुटला. त्यात गावाचा देखावा नाही. पोपट आहेत, हात आहेत, देव आहेत, आणि मधूनच शिरोरेघ नसलेली गुजराती अक्षरं, जी कागदावर वाचता यावीत म्हणून पत्र्यावर वळणावळणाने उलटी लिहावी लागतात. चित्रं गजबजलेली, तरी त्यांच्यापुढे नजर ठरते, कारण एकही रेघ उगाच आलेली नाही. साठच्या दशकात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली बडोद्यातच शिकलेल्या लक्ष्मा गौड यांच्या पत्र्यावर बडोदं नाहीच, मेदक जिल्ह्यातलं त्यांचं निजामपूर आहे. बडोद्याने त्यांना देखावा दिला नाही, रीत दिली.

जुना कोट झिजतो आहे, कमान कागदावर राहिली तर बिघडलं कुठे, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण झीज नोंदवायची तर फोटो पुरे. आणि लहरीपुरा काढणारे हे नवे चित्रकार झीजही दाखवत नाहीत, कमान नवी करकरीत काढतात. दुसरा आक्षेप अधिक चलाख: छापाचित्र मुळातच लोकांचं, घरोघरी लागणारं, मग ते गोड असलं तर नाक का मुरडावं? लोकांसाठी चित्रं छापणं जुनंच आहे: पुण्यातला चित्रशाळा छापखाना 1878 चा, रविवर्म्यांचा 1894 चा. चित्रं छापून सर्वदूर न्यावीत हे रविवर्म्यांना सुचवणारे टी. माधवराव बडोद्याचेच दिवाण राहिलेले. गोडवा तिथेही होता. पण तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींना लोकांनी कुंकू लावलं, हार घातले, जरी-टिकल्या शिवल्या. चित्र माणसांच्या वर्दळीत नांदलं. आजचा ओस दरवाजा सोफ्याच्या रंगाशी जुळतो म्हणून भिंतीवर चढतो, आणि या जुळवाजुळवीला आपण मनःशांती म्हणतो. लहरीपुराच काढायचा असेल तर काढावा, पण दरवाजाजवळच्या एका तरी दुकानाची पाटी, सुलटी वाचता येईल अशी, पत्र्यावर उलटी कोरून दाखवावी.