सत्तावन्नचे दोन साक्षीदार

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. १८५७ चा धडा आला की मुले सनावळ्या पाठ करतात. तेव्हा माणसे कशी जगली, हे त्यांना कळत नाही. ते सांगणारे दोन साक्षीदार तर आपल्या घरातलेच आहेत.

वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेसाठी उत्तरेत गेले आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला १८८३ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये तो छापला, पण फेरफार करून. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. तिकडे दिल्लीत अडकलेल्या गालिबने फारसीत ‘दस्तंबू’ लिहिले आणि १८५८ मध्येच छापले. पेन्शनच्या आशेने त्यात इंग्रजांची मर्जी सांभाळली आहे. मित्रांना लिहिलेल्या उर्दू पत्रांत मात्र उजाड दिल्लीचे दुःख मोकळे होते.

म्हणून डोळ्यांनी पाहिले ते सगळे खरेच, असे मुलांना शिकवू नये. कोण लिहितो, कधी, कोणासाठी, हे विचारायला शिकवावे. मुलांसाठी आवृत्ती काढताना लूट, भूक, भीती गाळून नुसते शौर्य ठेवू नये. भटजी घाबरले हे लिहितात, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

खंत एवढीच, की आमच्या वर्गापर्यंत गोडसे भटजी पोचत नाहीत आणि शेजारच्या मराठी वर्गापर्यंत गालिबची पत्रे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपण हे अनुवाद करायचे नाहीत, तर कोणी करायचे?