भाद्रपदातला नाताळ

२०२४ च्या सप्टेंबरात मी लंडनला मुलीकडे होतो. शनिवारी गणपती बसावयाचा होता. मखर झाले होते, मोदकांसाठी नारळ खवून झाला होता, वाती होत्या, तूप होते. आणि आयत्या वेळी लक्षात आले की घरात काड्याची पेटी नाही. विजेच्या शेगडीवर चालणाऱ्या स्वयंपाकघरात ती असण्याचे कारणच नसते. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सात वर्षांच्या नातीचा हात धरून मी कोपऱ्यावरच्या मोठ्या किराणा दुकानात गेलो.

आगपेट्या ज्या रांगेत होत्या तिच्या तोंडाशीच सांताक्लॉज उभा होता. पुठ्ठ्याचा, पण चांगला पुरुषभर उंच. त्याच्यामागे चॉकलेटांचे गोल डबे रचलेले, रंगीत कागदांच्या गुंडाळ्या, जेवणाच्या मेजावर दोघांनी दोन टोके धरून ओढावयाचे कागदी फटाके आणि मिन्स पायची खोकी. समोरच्या फळीवर शाळेचे गणवेश होते, कारण शाळा त्याच आठवड्यात उघडल्या होत्या. तिच्या शेजारी ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनचे भोपळे आणि भुते. रस्त्यावर लोक अजून अर्ध्या बाह्यांत हिंडत होते.

“आजोबा, ख्रिसमस आला?” नातीने विचारले.

मी मनात मोजले. ११० दिवस होते.

मिन्स पाय म्हणजे आपल्या करंजीची विलायतेतली चुलत बहीण. मैद्याच्या वाटीएवढ्या पारीत मनुका, बेदाणे, सफरचंद आणि मसाला यांचे सारण भरून ती भाजतात. पूर्वी त्यात खरोखर खिमा असे; नाव तेवढे राहिले आहे. मी एक खोके उचलून पाहिले. त्यावर ‘या तारखेपर्यंत उत्तम’ म्हणून जी तारीख छापली होती ती नोव्हेंबरच्या मध्याची होती. म्हणजे नाताळासाठी केलेला हा पदार्थ नाताळापर्यंत टिकणार असे त्याच्या कर्त्यालाच वाटत नव्हते! तेथल्या तेथे माझ्या मनात एक लेख तयार झाला. त्यात व्यापाऱ्यांचा लोभ होता, बाजाराने गिळलेले सण होते, आणि आमच्या लहानपणी असे नव्हते हे तर होतेच. असा लेख लिहिणे फारसे कठीण नसते. मी तसे दोनतीन लिहिलेही आहेत.

पैसे देताना गल्ल्यावरच्या बाईंना मी सहज विचारले, “हे आत्तापासून कोण घेतं?”

त्या म्हणाल्या, “ज्यांना डिसेंबरात एकदम परवडत नाही ती माणसं. आठवड्याला एक वस्तू नेतात आणि कपाटावर ठेवतात.”

माझ्या मनातल्या लेखाचा पहिला परिच्छेद तेथेच गळाला.

हे मला सुचावयास हवे होते. आमच्या आळीत बायकांची दिवाळीची भिशी असे. आषाढापासून कोणी चार तर कोणी पाच रुपये टाकीत, आणि त्यातून अश्विनात तेल, साखर, रवा येई. ती बाजाराची लबाडी आहे असे कोणी म्हटले नाही. इंग्लंडातही कष्टकरी वस्त्यांतून अशा नाताळच्या ठेवींची जुनी चाल आहे. आणि तिच्यात पैसे अडकले की काय होते हेही त्या देशाने पाहिले आहे. २००६ च्या ऑक्टोबरात फेअरपॅक नावाची, वर्षभर हप्ते घेऊन नाताळच्या वस्तू व खरेदीची कुपने पुरविणारी कंपनी बुडाली. लाखाहून अधिक कुटुंबांची पुंजी सण दोन महिन्यांवर असताना गेली. ज्यांनी सर्वांत आधी तयारी केली त्यांचाच सण रिकामा राहिला. फळीवरचा डबा विकत घेऊन कपाटावर ठेवणारी बाई त्यामानाने शहाणी म्हणावयाची. निदान डबा तिच्या घरात असतो.

दुसरा परिच्छेदही टिकला नाही. खरेदी लवकर करा, ही ओरड पहिल्याने व्यापाऱ्यांनी केली असावी असा माझा समज होता. घरी येऊन वाचू लागलो तेव्हा या ओरडीमागे अमेरिकेतील फ्लॉरेन्स केली ही बाई निघाली. १८९९ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय ग्राहक संघाची ती सूत्रधार. त्या काळी नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात मोठ्या दुकानांतल्या मुली रात्री उशिरापर्यंत उभ्या राहून काम करीत, आणि सामान पोहोचविणारी पोरे थंडीत मध्यरात्रीपर्यंत गाड्यांवर असत. ज्या दिवशी जग आनंद करी त्या दिवशी ही मंडळी आजारी तरी पडत किंवा नुसती झोपत. केलीबाईंनी १९०३ साली नाताळाची विटंबना या अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला. तिच्या संघाचे गिऱ्हाइकांना सांगणे असे की खरेदी लवकर उरका, शेवटच्या दिवसांत गर्दी करू नका, तुमच्या आनंदासाठी कोणाचे पाय सुजू देऊ नका. दयेपोटी निघालेली ही हाक दुकानदारांना फार आवडली. त्यांनी ती उचलली, जाहिरातीत घातली, आणि तिच्यातली मुलगी तेवढी काढून टाकली.

पुढे तर या हाकेने पंचांगालाच हात घातला. अमेरिकेत त्या काळी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी आभाराचा सण असे, आणि तो होईपर्यंत नाताळच्या मालाची जाहिरात करू नये असा तेथील व्यापारात एक अलिखित संकेत होता. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. सण ३० तारखेला पडला आणि विक्रीचे दिवस घटले. मंदीने पोळलेल्या व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणे घातले, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला, ओढला. निम्म्या राज्यांनी मानले, निम्म्यांनी मानले नाही. टेक्सासने दोन्ही दिवस पाळले. विरोधकांनी रूझवेल्टच्या नावावरून त्या नव्या सणाचे बारसेही केले. शेवटी १९४१ साली चौथा गुरुवार असा कायदा करून हा घोळ मिटवावा लागला. आपल्याकडेही २०२४ साली लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर पंचांगकर्त्यांचे वाजले होते. पण तो वाद तिथीच्या घटकांचा होता, गल्ल्याच्या पेटीचा नव्हता.

आजच्या घाईला आणखी एक रुक्ष कारण आहे. जगातल्या नाताळच्या सजावटीचा फार मोठा वाटा चीनमधल्या यिवू या एका शहरातून आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांतून येतो. तो समुद्रमार्गे युरोपला पोहोचावयास महिना-दीड महिना लागतो, जहाज चुकले तर सणच चुकतो, म्हणून तो आधीच येऊन पडतो. आणि आलेला माल भाड्याच्या वखारीत ठेवण्यापेक्षा फळीवर मांडलेला बरा. व्यापाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही मांडला असता.

तर मग मला खुपले काय? कारण खुपले हे खरे. गल्ल्यावरच्या बाईंचे म्हणणे पटले, केलीबाईंचे पटले, आणि तरी तो पुठ्ठ्याचा सांताक्लॉज मनातून जाईना.

त्याचे उत्तर मला सणाच्या शास्त्रापेक्षा फराळाच्या डब्यात सापडले. आमच्या घरी वसुबारसेच्या आधीच चिवडा, चकल्या, कडबोळी होऊन डबे फडताळात जात. घरभर खमंग वास, आणि हात लावावयाची सोय नाही. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला उटणे लागून, पायाखाली कारीट चिरडून, देवापुढे ताट ठेवल्यावर पहिली चकली मिळे. म्हणजे माल घरात आठवडाभर आधी आलेला असे! दुकानाने ११० दिवस आधी आणला, आईने आठ. फरक आकड्याचा नव्हे. आईच्या डब्याला झाकण होते.

नाताळालाही असे झाकण आहे, हे आपण विसरतो. त्याच्या आधीचे चार रविवार हा ख्रिस्ती परंपरेत वाट पाहण्याचा, पूर्वी तर उपासाचा, काळ. आनंद सुरू व्हावयाचा तो २५ डिसेंबरला, आणि चालावयाचा पुढे बारा दिवस. इंग्रज गृहिणी नाताळची पुडिंग त्या चार रविवारांच्याही आधीच्या रविवारी करून ठेवी. त्या दिवशीच्या चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवात ‘ढवळून काढ’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते, म्हणून त्या रविवारालाच ढवळण्याचा रविवार म्हणू लागले. घरातल्या प्रत्येकाने पळी फिरवावयाची, पोरांनीसुद्धा. ती पुडिंग महिनाभर मुरे आणि मुरून चांगली होई. तिला कोणी हात लावीत नसे. गोव्यात बेबिंक करतात तेव्हा एक थर भाजून बसल्यावाचून दुसरा ओतता येत नाही. दोदोल तर गूळ आणि नारळाच्या रसात तासन्‌तास घोटावा लागतो. डिसेंबरात तेथून नेवऱ्यांची ताटे हिंदू शेजाऱ्यांकडे जातात, जशी दिवाळीत इकडून तिकडे गेलेली असतात. या सर्वांत घाई मुळीच नाही, पण तयारी मात्र लवकरची आहे.

दुकानाने तयारी घेतली आणि झाकण फेकून दिले. मिन्स पायवरची ती तारीख मला म्हणूनच बोलकी वाटते. तो पाय नाताळासाठी नाही. तो आजच्या संध्याकाळच्या चहासाठी आहे, नाताळ फक्त खोक्यावर छापला आहे. आणि याचा दुसरा भाग मी मुलीकडून ऐकला. २५ डिसेंबरला इंग्लंडात मोठी दुकाने कायद्याने बंद असतात. २००४ साली तसा कायदाच करावा लागला. पण २६ तारखेला सकाळी तोच माल निम्म्या किमतीत, आणि वर्ष संपण्यापूर्वी फळीवर ईस्टरची चॉकलेटची अंडी हजर! ज्या बारा दिवसांत सण चालावयाचा त्या दिवसांत दुकान पुढच्या सणाला गेलेले असते. सण ‘आज’ आहे असे तेथे एकही दिवस नसते. जुलैत सप्टेंबरचे, सप्टेंबरात डिसेंबरचे, डिसेंबरात एप्रिलचे. माझ्या नातीने “ख्रिसमस आला?” म्हणून विचारले ते निरागसपणे, पण तिच्या वयाच्या मुलाला हा प्रश्न सप्टेंबरपासून रोज पडत असेल आणि रोज “अजून नाही” असे उत्तर मिळत असेल, तर तो आल्यावर त्याला ओळखावे तरी कसे?

आता वाचक माझ्याकडे बोट दाखवतील, आणि ते त्यांनी दाखवावेच. हा लेख मी आषाढात लिहीत आहे. बाहेर पाऊस कोसळतो आहे, छत्री दारात निथळते आहे, आणि मी दिवाळीच्या वाचकांसाठी कारीट आणि उटण्याबद्दल लिहितो आहे. संपादकांचे पत्र ज्येष्ठातच आले होते. माझ्या ओळखीचे एक कथालेखक आकाशकंदिलाची कथा नेहमी मे महिन्यात, पंख्याखाली, उघड्या अंगाने लिहितात. दिवाळी अंक हा हंगामाआधी भरलेल्या मालाचाच प्रकार आहे. आणि तो आला कोठून? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक होते असे अभ्यासक सांगतात. त्या इंग्रजी परंपरेच्या मुळाशी पुन्हा दुकानच आहे. रूडॉल्फ आकरमान या लंडनमधल्या प्रकाशकाने १८२३ सालासाठीचे ‘फर्गेट मी नॉट’ हे भेट देण्याजोगे वार्षिक १८२२ च्या अखेरीस बाजारात आणले, ते नाताळच्या खरेदीवर नजर ठेवूनच. डिकन्सने मात्र आपली नाताळची प्रसिद्ध गोष्ट ऑक्टोबर ते डिसेंबर अशा सहा आठवड्यांत लिहिली; १९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक निघाले आणि ६,००० प्रती नाताळच्या आधी संपल्या. ताजा माल म्हणतात तो असा.

पण आधी केलेले सगळेच शिळे असते असेही नव्हे. ‘व्हाइट ख्रिसमस’ हे अर्विंग बर्लिनचे गाणे बिंग क्रॉस्बीने २९ मे १९४२ ला, उन्हाळ्याच्या तोंडावर, ध्वनिमुद्रित केले आणि ते ज्या चित्रपटात होते तो ऑगस्टात लागला. ते लोकांच्या ओठांवर आले पानगळीत, आणि त्याच्यासाठी सर्वांत अधिक मागणी आली ती घरापासून हजारो मैलांवर असलेल्या सैनिकांकडून. ते गाणे नाताळाचे नाहीच म्हणा ना. नाताळ नसल्याचे आहे. कर्ता स्वतः ज्यू होता, आणि १९२८ साली २५ डिसेंबरलाच त्याचा तान्हा मुलगा गेला होता. मे महिन्यात भरलेल्या त्या डब्यात वाट पाहणे होते, म्हणून तो डिसेंबरपर्यंत टिकला आणि पुढेही टिकला.

दिवाळी अंक त्यातला की मिन्स पायमधला, हे ठरविणारा मी कोण! एवढे खरे की अंक हल्ली गणपतीतच येऊ लागले तर मी पहिला तक्रार करीन, आणि माझा लेख त्यात असला तर बहुधा करणार नाही.

त्या दिवशी आगपेटीबरोबर मिन्स पायची दोन खोकीही आम्ही घेतली. एक नातीने विसर्जनाच्या आत संपविले. दुसरे मी येताना सामानात आणले आणि हट्टाने फडताळात ठेवले, दिवाळीच्या डब्यांच्या मागे. दिवाळी झाली, खोक्यावरची तारीख उलटली, सौभाग्यवती दर आठवड्याला ते टाकून देण्याची भाषा करू लागल्या. २५ डिसेंबरला सकाळी शेजारच्या वसईकर बाईंकडून नेवऱ्यांचे ताट आले, तेव्हा ते खोके उघडले. पारी थोडी मऊ पडली होती. सारण मात्र छान मुरले होते. कोणाला काही झाले नाही.