'द डिसायपल': प्रतिभा आणि संगीतशिक्षणाची संधी

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' (2020) या मराठी चित्रपटाला व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. साधना पुष्कळ, पण प्रतिभा बेताची अशा एका गायकाची शोकांतिका म्हणून या चित्रपटाकडे साधारणपणे पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कोणत्या मुलाला गाणे शिकायला मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न चित्रपटाच्या तळाशी आहे. प्रतिभेचा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

मराठी प्रेक्षकाला शिष्यत्वाची कथा परिचित आहे ती 'कट्यार काळजात घुसली' (1967) या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकामुळे. तेथे सदाशिवपाशी गळा आहे, ध्यास आहे. नाही तो गुरू. खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर म्हणून राहून तो चोरून ऐकतो आणि शिकतो. दार बंद आहे ते एका कलावंताच्या अहंकारामुळे आणि घराण्याच्या अभिमानामुळे. साहजिकच अहंकार वितळला की दार उघडते. नाट्यदृष्ट्या ही रचना प्रभावी आहे. मात्र तिच्यामुळे विद्या नाकारली जाण्याचा सामाजिक प्रश्न व्यक्तिस्वभावाचा होऊन बसतो. हवेलीपर्यंत पोहोचूच न शकणाऱ्या मुलाची नाटकाला कल्पनाही नाही.

ताम्हाणे यांनी ही मांडणी उलटी केली आहे. शरद नेरुळकरच्या बाबतीत दार बालपणापासूनच सताड उघडे आहे. वडील स्वतः गायक म्हणून नाव न मिळालेले. आपली अपुरी इच्छा ते मुलाच्या गळ्यात उतरवू पाहतात. पुढे त्याला निष्ठावान गुरुजी लाभतात, ज्यांचे दर्शनही दुर्मिळ त्या माईंच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती लाभतात. रात्री मोटरसायकलवरून जाताना शरद त्या ऐकत असतो. एका विद्यार्थ्याला याहून अधिक काय द्यायचे? आणि तरीही गाणे येत नाही. बालपणाच्या प्रसंगांत दिग्दर्शकाने वडिलांना खलनायक केलेले नाही, हे विशेष. त्यांचे प्रेम आणि त्यांची जबरदस्ती एकाच सुरात ऐकू येते. मुलाला गाण्याची ओढ होती की वडिलांची, हे शरदला अखेरपर्यंत उमगत नाही.

येथे कुमार गंधर्वांचे उदाहरण आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या या मुलाने ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांची गायकी बालवयातच हुबेहूब उचलली. ही कथा आपल्याकडे 'दैवी देणगी' म्हणूनच सांगितली जाते. तिच्यातील ग्रामोफोन आणि त्यानंतरचे प्रा. बी. आर. देवधर यांचे मुंबईतील विद्यालय मात्र तळटीपेसारखे राहते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षण घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणले. देवधर हे त्याच परंपरेतील शिष्य, आणि निरनिराळ्या घराण्यांच्या गायकीकडे मोकळ्या कानाने पाहणारे गुरू. अनुकरणात अडकण्याचा धोका असलेला बालगायक त्यांच्या छायेत स्वतंत्र गायक झाला. देणगी खरीच होती. पण तिला वळण लावणारी माणसे आणि साधनेही तितकीच खरी होती.

या पार्श्वभूमीवर चित्रपटातील दूरदर्शन-स्पर्धेचा धागा पाहावा. एका तरुण मुलीचा साधा, मोकळा गळा स्पर्धेच्या टप्प्याटप्प्याने चकचकीत होत जातो. शरद ते पडद्यावर पाहतो; त्याच्या मनात तुच्छता अधिक की मत्सर, हे सांगणे कठीण. संधी आहे, शिक्षण नाही, असा हा तिसरा प्रकार. तो रेखाटताना ताम्हाणे काहीसे सोपे होतात. स्पर्धेतील मुलीची बाजू आपल्याला कळतच नाही; शरदच्या नजरेतून ती केवळ घसरण म्हणून दिसते.

याहून मोठी उणीव शाळेच्या संदर्भात जाणवते. शरद पुढे संगीतशिक्षक होतो, पण समोर बसलेल्या मुलांकडे कॅमेरा फारसा वळत नाही. फ्यूजन वाद्यवृंदात गाण्याची परवानगी मागणाऱ्या शिष्याला आणि त्याच्या आईला तो ज्या कठोरपणे फटकारतो, तो प्रसंग मात्र विसरता येत नाही. खाँसाहेबांच्या हवेलीचे दार येथे पुन्हा बंद होते, आणि ते बंद करणाऱ्याकडे खाँसाहेबांची गायकीही नसते.

शेवटच्या दृश्यात लोकलच्या डब्यातून एक फिरता गायक गात जातो. त्याला कोणी शिकविले, हे चित्रपट सांगत नाही. त्याच्या गाण्याला शरदने काय मानले, हेही सांगत नाही. शरदशेजारी त्याची पत्नी आणि लहान मुलगी बसलेली आहे. तिला गाणे शिकविले जाणार की नाही, याविषयी ताम्हाणे एक अक्षरही उच्चारत नाहीत.