पालकाची सही : 'श्वास' आणि 'अस्तु' पुन्हा पाहताना

"स्मरणिकेसाठी एखाद्या चित्रपटावर लिही ना," असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मी मुलाच्या कॉलेजचे फॉर्म भरत बसले होते. चिरंजीव ऑगस्टमध्ये शँपेनला जाणार. अठरावा वाढदिवस सहा आठवड्यांवर आलेला. एका फॉर्मवर 'पेरेंट ऑर गार्डियन' अशी रेघ होती. सवयीप्रमाणे मी पेन टेकवलं, तर तो म्हणाला, "आई, अठरानंतर ती सही मी करायची. तू आता माझी गार्डियन नसणार."

बोलणं बरोबर होतं, पण लागलं. त्याच रात्री सांगलीहून भावाचा फोन आला. आई हल्ली विसरते. बँकेत गेली होती, सही जुळली नाही म्हणून परत आली आणि रस्त्यात घराचा पत्ता आठवेना. एका दिवसात मला दोन्हीकडून तोच प्रश्न विचारला गेला : कोणाच्या वतीने कोण सही करणार? मग संपादकांना कळवलं, एका नव्हे, दोन चित्रपटांवर लिहिते. दोन्ही पूर्वी पाहिलेले. या वेळी नेपरव्हिलच्या आमच्या बेसमेंटमध्ये, हातात वही घेऊन पाहिले.

आधी एका शब्दाबद्दल. भाजी बाजूला ठेवली, तरी मराठीतला 'पालक' हा शब्द मोठा मायाळू आहे. जन्म देणारे पालक, सांभाळणारे पालक आणि प्रगतिपुस्तकावर सही करणारेही पालकच. आमच्या शाळेत 'पालकाची सही' या रकान्यात कोणाची आजी, कोणाचा काका, कोणाचा मोठा भाऊ सही करी आणि बाई काही म्हणत नसत. इंग्रजीत मात्र आईबाप वेगळे आणि गार्डियन वेगळा. आपल्या भाषेने जे एकत्र बांधलं, ते इथला कागद सुटं करतो. या दोन चित्रपटांकडे मला त्या फटीतून पाहायचं आहे.

माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा, संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला 'श्वास' २००४ साली आला. 'श्यामची आई'नंतर अर्ध्या शतकाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मराठीत आणणारा आणि पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका झालेला हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. कोकणातल्या छोट्या परशुरामला डोळ्यांचा कॅन्सर होतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आजोबा त्याला शहरातल्या डॉक्टर सान्यांकडे घेऊन येतात. मुलाला आधी सांगितलंच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह. सांगायचं कसं, हा आजोबांपुढचा डोंगर. आणि शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून नाहीसे होतात, तर त्याला शेवटचं जग दाखवायला.

मंडळाने एका शाळेचा हॉल घेऊन हा चित्रपट दाखवला, तेव्हा मी लग्न करून नुकतीच इथे आले होते. हॉलमध्ये एकही डोळा कोरडा नव्हता. मी सर्वस्वी आजोबांच्या बाजूने होते. परत आल्यावर डॉक्टर संतापतात, तेव्हा मला ते पाषाणहृदयी वाटले होते. अरुण नलावड्यांच्या चेहऱ्यावरचं ते ओशाळेपण पाहून कोणालाही तसंच वाटेल.

या खेपेला मात्र मी निम्मी डॉक्टरांच्या बाजूला गेले. ऑपरेशन ठरलेलं, आणि रुग्ण, तोही लहान मूल, कोणाला न सांगता गायब. त्याला काही झालं असतं तर? संदीप कुलकर्णींनी तो राग केवळ अहंकाराचा ठेवलेला नाही. त्यात जबाबदारीची धास्ती आहे, हे मला एवढ्या वर्षांनी दिसलं. 'श्वास'चं मोठेपण मला यात वाटतं, की दोघेही बरोबर आहेत. डॉक्टर म्हणतात, ज्याचं शरीर त्याला सांगा. आजोबा म्हणतात (शब्दांत नव्हे, कृतीतून), नुसतं सांगून भागणार नाही, त्याला त्याचा दिवस द्या. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने होकार देणं एवढंच नाही, तर मुलाला त्या होकारात सामील करून घेणं, हे इतक्या साधेपणाने सांगणारा दुसरा मराठी चित्रपट मला आठवत नाही.

पण आजोबांना तो अधिकार दिला कोणी, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आजोबाच ते! भारतातला १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा मात्र आजोबांना नैसर्गिक पालक मानत नाही. आधी वडील आणि 'त्यानंतर' आई. त्या 'त्यानंतर'चा अर्थ वडील वारल्यानंतरच असा नव्हे, हे ठरायला गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साल उजाडावं लागलं.

यावर 'हे सगळं तिकडचं' असं म्हणणाऱ्यांसाठी इथली एक गोष्ट. मुलगा सहा वर्षांचा असताना सासरे आजारी म्हणून आम्ही दोघं घाईघाईने भारतात गेलो. शाळा बुडू नये म्हणून त्याला इथल्या मैत्रिणीकडे ठेवलं. सख्खी मावशी करणार नाही इतकं तिने केलं. पाचव्या दिवशी तो खेळताना पडला आणि हाताचं हाड मोडलं. क्लिनिकच्या काउंटरवर विचारलं, "तुम्ही याच्या गार्डियन का?" ती म्हणाली, "मावशी." सख्खी? नाही. कागद? नाही. जिवावरचं काही नव्हतं, त्यामुळे आमच्या परवानगीशिवाय प्लॅस्टर घालायला ते तयार होईनात. सांगलीत पहाटेचे साडेतीन. फोन लागेपर्यंत पोर कळवळत बसलेलं आणि मैत्रीण अपराध्यासारखी उभी. दोष क्लिनिकचा नव्हता. आपल्या मंडळात सगळेच काका आणि मावशी असतात. कायद्याला ही नाती ठाऊक नाहीत, एवढंच.

नंतर कळलं, की इलिनॉयच्या कायद्यात यावर साधा उपाय आहे. कोर्टात न जाता आईवडील लेखी कागदाने 'शॉर्ट-टर्म गार्डियन' नेमू शकतात, जास्तीत जास्त ३६५ दिवसांसाठी. तारीख, मुलाचं नाव, नेमलेल्या व्यक्तीचं नाव, सगळ्यांच्या सह्या आणि दोन प्रौढ साक्षीदार. एक पान! पानभर लिहिण्याचा आळस आम्हाला नव्हता, पण असं काही लिहायचं असतं हेच डोक्यात नव्हतं.

दुसरा धक्का मृत्युपत्राच्या वेळी. "आपलं काही बरंवाईट झालं तर आजीआजोबा आहेतच," असं आम्ही धरून चाललो होतो. वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं, इलिनॉयमध्ये कोर्ट ज्याला गार्डियन नेमतं, तो अमेरिकेचा रहिवासी असावा लागतो. म्हणजे परशुरामचे आजोबा आमच्या मुलाला लाभले असते, तरी कोकणात राहून ते त्याचे गार्डियन होऊ शकले नसते. मृत्युपत्रात नाव लिहिलं, तरी शेवटचा शब्द मुलाचं हित पाहणाऱ्या न्यायाधीशाचा. चौदा वर्षांच्या मुलाला मात्र स्वतःची पसंती सांगता येते. हे वाचलं तेव्हा मला डॉक्टर साने आठवले. मुलाला विचारा, हेच तर ते म्हणत होते.

'अस्तु' (२०१३) हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट. संस्कृतचे गाढे विद्वान चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झाला आहे. थोरली मुलगी इरा त्यांना सांभाळते. एके दिवशी रस्त्यात हत्ती दिसतो, शास्त्री गाडीतून उतरून त्याच्यामागे चालू लागतात आणि हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना जेवू घालते, लहान मुलासारखं सांभाळते. म्हातारे विद्वान तिलाच आई म्हणू लागतात.

शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यामुळे अभिनयात करुणा आहे, पण कीव नाही. अमृता सुभाषला चन्नम्मासाठी सहायक अभिनेत्रीचं आणि सुमित्राताईंना संवादांसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते योग्यच. योगायोग असा, की 'श्वास'मध्ये आजोबांना आधार देणारी आसावरी हीसुद्धा अमृता सुभाषच. दोन्ही चित्रपटांत, रक्ताचं नातं नसताना, तीच मदतीला उभी राहते.

माझ्या मते 'अस्तु'चं खरं धैर्य इरात आहे. इरावती हर्षेने तिची माया दाखवलीच आहे, पण तिची चिडचिड, थकवा आणि अपराधीपणही लपवलेलं नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या आईबापांचे चित्रपट म्हटलं की मुलं कृतघ्न, हे ठरलेलं. 'नटसम्राट'पासून आपण तेच पाहून डोळे पुसत आलो. इरा कृतघ्न नाही, आणि तरीही तिला हे झेपत नाही. सांगलीतल्या माझ्या भावजयीने हा चित्रपट पाहावा असं मला वाटतं. तो पाहून मला तिची क्षमा मागावीशी वाटली.

तक्रार एकच आहे. विसरणाऱ्या माणसाच्या अस्तित्वाचा तात्त्विक प्रश्न 'अस्तु' फार सुंदर मांडतो. पण त्याच्या बँकेचा, औषधांचा, दवाखान्यातल्या होकाराचा निर्णय कोणाचा, हा रोजचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी येत नाही. चन्नम्माकडे माया आहे, अधिकार नाही. इराकडे नातं आहे, पण बळ संपलेलं. अधिकार कुठे आहे? तत्त्वज्ञानाच्या उजेडात हा कोपरा अंधारात राहतो. आणि आपल्या घरांचं नेमकं तिथेच अडतं.

आईने भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलेलं आहे, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे छत्री उन्हात चालते आणि पाऊस आला की मिटते! इलिनॉयचं पॉवर ऑफ अॅटर्नी याच्या उलट. देणारा अक्षम झाल्यावरही ते टिकतं, किंबहुना त्यासाठीच करायचं. भारतात कोमातल्या माणसासाठी सरळ कायदा नसल्याने घरच्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका रुग्णाच्या पत्नीला त्याची पालक नेमलं.

आणि चन्नम्माचं काय? तिच्या बाजूने बोलणारा एक निकाल आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने बोलायचं कोणी, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने तो मान पत्रकार पिंकी विराणी यांना न देता, वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्या निकालाच्या इतर भागांबद्दल मतभेद असू शकतात. पण सेवेतून अधिकार उगवतो, हे न्यायालयाने पाहिलं. 'त्याला कोणी वाली नाही' असं आपण म्हणतो ना, त्यातला वाली म्हणजे हाच.

म्हणून कागदालाही मी नुसता कोरडा म्हणणार नाही. आपल्यातल्या ज्या घरांत ऑटिझम किंवा मतिमंदत्व असलेलं मूल आहे, त्यांना अठराव्या वाढदिवसाचा अर्थ माझ्याआधी कळलेला असतो. त्यांना कोर्टात जावं लागतं. नेपरव्हिल दोन काउंट्यांत विभागलेलं, म्हणून ड्यूपेजवाल्यांनी व्हीटनला, विलवाल्यांनी जोलिएटला. आपल्याच मुलाला 'अक्षम' ठरवून घ्यायला जाणं किती जड जात असेल! पण तिथेही कायदा सांगतो, की गरजेपुरतंच पालकत्व घ्या, जमेल तेवढं त्याचं त्याला ठरवू द्या. २०२२ पासून इलिनॉयमध्ये निर्णय त्या व्यक्तीचाच, सोबतीला विश्वासाचा माणूस, असा करारही करता येतो. परशुरामला सांगायला हवं म्हणणारे डॉक्टर आणि हा कायदा एकाच जातकुळीचे आहेत.

मी वकील नाही. तुमच्या कागदांसाठी वकिलालाच विचारा. पण प्रेक्षक म्हणून माझं मत पक्कं झालं आहे. आपले चित्रपट मायेचं पालकत्व अप्रतिम दाखवतात आणि सही वगळतात. सहीशिवाय माया काउंटरवर अडते, हे मी पाहिलं आहे. आणि मायेशिवायची सही काय कामाची, हे 'श्वास'मधले आजोबा सांगतात.

हा विषय काढला की आमच्याकडे पहिलं वाक्य "शुभ बोल रे नाऱ्या!" हेच येतं. तरी गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर मी मुलापुढे वैद्यकीय पॉवर ऑफ अॅटर्नीचा फॉर्म ठेवला आणि म्हटलं, "वाढदिवस झाला की तुझी इच्छा असेल तर माझं नाव घाल. आधी मला सांग, कुठल्या गोष्टीत तुला काय हवं." त्याने चांगला अर्धा तास विचार करून उत्तरं दिली. मग म्हणाला, "आणि तुझ्या फॉर्मवर कोणाचं नाव आहे?" माझा फॉर्म कोराच होता.

सांगलीला फोन केला. आईला त्या दिवशी चांगलं आठवत होतं. बिचकत विचारलं, "आई, तुझ्यासाठी कधी ठरवायची वेळ आली, तर कोणी ठरवावं?" ती म्हणाली, "सूनबाईने. तिला माझं सगळं माहीत आहे." लेकीचं नाव तिने घेतलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! पण मी विचारलं नसतं, तर आम्ही भावंडांनी परस्पर ठरवून टाकलं असतं. भावाने ते तारखेसह लिहून घेतलं आहे आणि येत्या आठवड्यात तो वकिलांकडे जातोय.

दिवाळीच्या सुट्टीत हे दोन्ही चित्रपट घरच्यांबरोबर पुन्हा पाहा, मंडळी. आणि संपल्यावर लगेच उठू नका. शेजारी बसलेल्यांना एवढं विचारा : "तुला कोण हवंय?"